४४७१ च्या तेलातलं लोखंड

१

नाना गेल्याच्या नवव्या दिवशी सारिकाला कळलं, की ४४७१ नंबरच्या ट्रकच्या तेलातलं लोखंड कमी झालं होतं.

तोवर नानांच्या कपाटाला हात लावायला ती धजली नव्हती. त्या दुपारी द्वारदर्शनाला, दुःखात भेटायला येणारी माणसं थांबली, आई जरा आडवी झाली, बाहेर उन्हानं गल्ली ओस पडली, तेव्हा तिनं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात कपडे होते. खालचे दोन कप्पे फायलींनी भरलेले.

अभिमन बोरसे, म्हणजे यार्डातल्या सगळ्यांचे नाना, हीरालालशेठच्या ट्रक कंपनीत एकतीस वर्षं मुख्य मेकॅनिक होते. जळगावच्या हायवेवर यार्ड, चव्वेचाळीस ट्रक, आणि काम फैजपूरकडची केळी मुंबई-दिल्लीला पोचवायचं. पूर्वी दर वीस हजार किलोमीटरला प्रत्येक ट्रकचं इंजिन ऑइल बदलत, गरज असो वा नसो. सहा वर्षांपूर्वी नानांनी ते बंद केलं. इंजिन गरम असताना वाटीभर तेल बाटलीत काढायचं, पुण्याच्या लॅबला पाठवायचं, आणि रिपोर्ट बघून त्या ट्रकचा पल्ला ठरवायचा. दिल्लीच्या सरळ रस्त्यावरच्या गाडीचं तेल चाळीस हजारांपर्यंत टिकायचं. बागांमधून धुळीत फिरणाऱ्या गाडीचं चौदा हजारांतच संपायचं. "सगळ्यांच्या पायात एकाच मापाचा जोडा कशाला?" असं ते म्हणत.

मग गेल्या दसऱ्यानंतर अठराव्या दिवशी ४४७१ चं इंजिन धुळ्यापुढच्या लळिंग घाटात चढावर जाम झालं. ड्रायव्हर नवल चाकाला दगड लावायला उतरला. मागून आलेल्या टँकरला तो दिसला नाही.

इंजिन उघडलं तेव्हा तेलाचा काळा चिखल झालेला होता. महिन्यापूर्वीच्या रिपोर्टवर मात्र 'तेल वापरण्यायोग्य' असं लिहिलेलं, आणि त्याच भरवशावर नानांनी गाडी सोडलेली. कंपनीनं तपासणी बंद केली आणि नानांनाही घरी बसवलं. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. पाच महिने ते ओट्यावर बसून राहिले, आणि एका सकाळी बसल्या जागीच गेले. नऊ दिवसांत यार्डातून एकच माणूस दारावर येत होता, ड्रायव्हर हिलाल. तो रोज यायचा, दाराशी बसायचा आणि न बोलता उठून जायचा.

सारिका धुळ्याला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तेरा वर्षं कामाला होती. आकड्यांचे कागद तिला नवे नव्हते. ४४७१ चे दोन रिपोर्ट तिनं शेजारी ठेवले. जुलैचा, वीस हजार किलोमीटरचा: लोखंड ४१, सोडियम २२. सोडियमभोवती नानांची लाल पेन्सिल आणि शेजारी बारीक अक्षरात, 'रेडिएटरचं पाणी तेलात जातंय का? दहा हजारांनी परत पाहणे.' सप्टेंबरचा, तीस हजारांचा: लोखंड २८, सोडियम ६.

इंजिन झिजतं तसं त्याचं लोखंड तेलात उतरतं आणि साठत जातं. तेल बदलल्याशिवाय ते कमी होत नाही. आणि ४४७१ चं तेल बदलल्याची नोंद कुठेच नव्हती.

चार दिवसांनी गंधमुक्ती, म्हणजे तेरावं, होतं. त्या दिवशी चार माणसं उभी राहून बोलणार, त्यात हीरालालशेठही येतील असा निरोप होता. अभिमन चुकला नव्हता, एवढं एक वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर बोलावं, इतकंच सारिकाला हवं होतं. फायल छातीशी धरून ती बराच वेळ फरशीवर बसून राहिली.

सप्टेंबरच्या बाटलीतलं तेल ४४७१ चं नव्हतंच.

२

"ताई, तुम्ही स्वतः कशाला आलात? दुःखाचं घर सोडून?" यार्डाच्या ऑफिसात अखिल खुर्चीतून उठला. शेठजींचा हा मुलगा दोन वर्षांपासून कारभार बघत होता. तपासणीचं त्याला पहिल्यापासून वावडं.

"सप्टेंबरच्या बाटल्या पुण्याला कोणी पाठवल्या?"

"इथूनच गेल्या. कुरिअरवाला दोन दिवस आला नाही, म्हणून या टेबलाखाली पडून होत्या." त्यानं सारिकाकडे नीट पाहिलं. "मी बदलल्या असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी फक्त विचारतेय."

"बाटलीच्या झाकणावर नानांची कागदी पट्टी असायची, त्यावर ड्रायव्हरची सही. पट्टी फाटली तर लॅबवाले बाटली घ्यायचेच नाहीत. आणि मला तपासणी बंदच करायची असती, तर मी चांगल्या बाटलीत घाण टाकली असती. वाईटाचं चांगलं करून माझाच चाळीस लाखांचा ट्रक का घालवू?"

लॅबला तिनं घरून निघायच्या आधीच फोन केला होता. पट्टी शाबूत होती. अपघातानंतर त्यांनी उरलेल्या तेलाची पुन्हा तपासणी केली होती आणि आकडे तेच आले होते.

"ताई, रागावू नका," अखिल खाली आवाजात म्हणाला. "नाना माणूस मोठाच. पण चूक यार्डाची झाली, ती आम्ही मान्य केली. म्हणून तर नवलच्या बायकोला इथं काउंटरवर ठेवलं, मागची खोली राहायला दिली. उद्या कळलं की कुणा ड्रायव्हरनंच बाटलीत गडबड केली, तर त्याला मी यार्डात पाय ठेवू देणार नाही. त्याच्या घरच्यांनाही नाही. पण नाव लागेल, नुसता संशय नको."

बाहेर काउंटरवर मंदाबाई पावत्या लावत होती. सारिका जवळून जाताना तिनं मान वर केली नाही.

"मंदाबाई, येऊन जा एकदा. आई आठवण काढते."

"कसाले येऊ?" मंदाबाई पावत्यांकडे बघतच म्हणाली. "तुमचे नाना वयानं गेले, आपल्या ओट्यावर गेले. माझा माणूस रस्त्यावर गेला. त्यांच्या एका कागदापायी."

३

उखर्डू मिस्तरी यार्डाच्या टोकाला लिंबाखाली बसलेला होता. नानांच्याही आधीचा माणूस. तेलाच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला.

"ये पोरी, बस. ते टायर स्वच्छ शे." मग जरा थांबून म्हणाला, "तुना बाप गया तैपासून माले कोणी शिव्या देत नही. करमत नही."

सारिका हसली, आणि नऊ दिवसांत आपण पहिल्यांदा हसलो हे तिच्या लक्षात आलं.

"मिस्तरी, जुलै ते सप्टेंबर ४४७१ मध्ये नवं तेल घातलं होतं का? कोणी? गुपचूप?"

त्यानं वही काढून दाखवली. एक लिटरही गेलं नव्हतं.

"वहीत नसेल लिहिलं."

"म्हणजे मी? तपासणी खोटी पाडाले?" म्हातारा फिस्सकन हसला. "मी नवं तेल वतलं असतं, ते इंजिन वाचतं ना, येडी! नवल बी वाचता."

हेही खरंच होतं. वैरानं कोणी इंजिनाला नवं तेल पाजत नाही.

"पण राग होता तुमचा नानांवर."

उखर्डूनं उजव्या हाताचं बोट समोर धरलं. काळं, चिरा पडलेलं. "तेल या बोटले सांगस. तीस वरीस मी चोळीसन, वास लिसन सांगू, बदल आते. मंग तुना बापना कागद येवाले लागनात, आनि मी बोट काढी लिधं. राग व्हता मनमा." त्यानं बोट मिटलं. "त्या गाडीले मी एक डाव बोट लावतू, ते समजी जातं. पाणी लागेल तेल लपत नही. मी लावं नही."

पलीकडे एक ट्रक सुरू झाला. त्याच्या आवाजात मधेच एक कोरडी टकटक होती. उखर्डूनं कान टवकारले.

"आयक. पहूरकडच्या बागांमधली गाडी. नाना हिचं तेल चौदा हजारावर बदले. आता सगळ्यांना परत वीस हजार. ही वीसपर्यंत जात नही. ही दुसरी ४४७१ होणार."

इतका वेळ सारिका मेलेल्या माणसाच्या नावासाठी फिरत होती. हा ट्रक कोणीतरी जिवंत माणूस चालवत होता.

"बाटल्या कोण भरायचं, मिस्तरी?"

"पयले नाना सोता. पन केळीचा जोर असला की गाड्या यार्डात येतच नाहीत. फैजपूरला भरतात, तिथूनच जातात. मंग डायवरच भरी देत, बाटली यार्डात धाडी देत. आनि का नही देणार? टोपी व्हती ना!"

"टोपी?"

"तुले माहीत नही?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "खंडेनवमीले गाड्यांची पूजा. सगळ्यासना घरनी मंडळी येस. ज्याच्या गाडीचा रिपोर्ट सगळ्यात चांगला, त्याले नाना टॉवेल-टोपी देत. नाव पुकारीसन, सगळ्यांसमोर. यंदा नवलले भेटनी."

४

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, आई उठायच्या आधी सारिकानं सप्टेंबरचे सगळे अकरा रिपोर्ट फरशीवर मांडले.

झाकणाची पट्टी शाबूत, म्हणजे बाटली बंद झाल्यावर तिला कोणी हात लावला नव्हता. अखिल सुटला. तेलाच्या वहीत उखर्डूची रोजची सही होती, तो त्या आठवड्यात जळगाव सोडून कुठे गेला नव्हता. आणि ट्रकमध्ये नवं तेल पडलंच नव्हतं. राहिली एकच जागा: फैजपूरचं केळी भरायचं मैदान, जिथं ड्रायव्हरच बाटली भरत आणि ड्रायव्हरच सही करत. आणि राहिलं एकच कारण, ते उखर्डू लिंबाखाली सहज बोलून गेला होता: टोपी. बाटली नवलनंच बदलली होती.

पण तेल कोणाचं?

लॅबमध्ये नवी आलेली मुलगी कधी घाईत एकाच पेशंटच्या दोन ट्यूब भरते आणि दुसरीवर भलत्याचं नाव लावते. ते पकडायला सारिकाला दोन मिनिटं लागायची. माणसागणिक रक्त वेगळं असतं, तसंच इंजिनागणिक तेल. धूळ वेगळी, रस्ता वेगळा, झीज वेगळी. अकरा कागदांवरून तिचं बोट सावकाश सरकत गेलं आणि आठव्यावर थांबलं.

ट्रक ६०२३. लोखंड २९. सोडियम ६. धुळीचं सिलिकॉन दोन्हीकडे ९. तांबं दोन्हीकडे ४. एकाच दंडातून काढलेल्या दोन ट्यूब.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ड्रायव्हरचं नाव होतं. हिलाल.

५

तो त्या दिवशीही आला. दशक्रिया आटोपली होती, मंडळी पांगली होती. तो चप्पल काढून दाराशी भिंतीला टेकला. सारिकानं चहाचा कप ठेवला आणि शेजारी ते दोन कागद.

हिलालनं कागद वाचले नाहीत. नुसते पाहिले.

"मीच दिधं, ताई," तो म्हणाला.

नवल त्याचा साडू. मंदाबाई त्याच्या बायकोची धाकटी बहीण.

"सकाळची वेळ होती. दोन्ही गाड्या शेजारी, इंजिनं गरम. मी माझी बाटली भरली. तो म्हणाला, साडू, तुझ्या गाडीचं दे रे थोडं मला. मी म्हटलं, का रे, तुझी गाडी आटली का? थट्टाच चालली होती आमची. तो म्हणाला, मागच्या कागदावर नानांनी लाल खूण केलीय. माझा काही नंबर लागत नाही. शेजारणीनं विरजणाला दही मागावं ना ताई, तसं मागितलं त्यानं. कोणी नाही म्हणतं का?"

"पण टोपीसाठी?"

"टोपीच तर. मला तीनदा मिळालेली. आमच्याकडे सणाला आली की मंदा म्हणायची, बहिणीच्या घरी खुंटीला तीन टोप्या, आमच्या घरची खुंटी उघडी. हसत म्हणायची. सगळेच हसायचो, नवलही." त्यानं डोळे पुसले. "आम्हाला वाटायचं परीक्षा ड्रायव्हरची आहे. पास-नापास. इंजिनाची आहे, हे डोक्यातच आलं नाही. सहा वर्षं नाना सांगत होते, आणि आम्ही टोपीकडे बघत होतो."

सारिकानं दोन्ही कागद उचलले आणि विचारलं, "नानांना सांगितलंत?"

"नवल गेल्याच्या पंधराव्या दिवशी. इथंच, या ओट्यावर. पाय धरले. म्हटलं, नाना, मी शेठजींना सांगतो, तुमचं नाव मोकळं करतो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बस खाली. मग म्हणाले, आकडा उतरलेला मला त्याच दिवशी दिसला होता, हिलाल. लोखंड कमी होत नसतं. गाडी बोलावून पुन्हा बाटली घ्यायला हवी होती. पण मला वाटलं, सहा वर्षांत एकदा या पोराचा नंबर लागतोय. खंडेनवमी तोंडावर होती. घाई माझी झाली." हिलाल थांबला. "मी म्हटलं, तरी खरं ते खरं. तर म्हणाले, खरं सांगितलंस तर मंदा विचारेल, त्यानं असं का केलं? मग तू काय सांगशील? ती थट्टेत बोलली होती. जन्मभर तिला ते पुरेल. हे तिच्या कानावर जाता कामा नये. शपथ घातली मला."

बाहेर कोणीतरी बादली आपटली. आतून आईनं विचारलं, कोण आहे गं?

"हिलालभाऊ आहेत, आई."

"त्याले म्हणावं जेवीसन जा."

तो जेवला नाही. जाताना उंबऱ्याशी थबकून म्हणाला, "ताई, आता तुम्ही सांगाल तसं. ते गेले, शपथ तुमच्याकडे आली."

६

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी सकाळी सारिका यार्डात गेली. हीरालालशेठ स्वतः बसले होते, पांढऱ्या कपड्यांत. अखिल बाजूला.

"बेटी, उद्या येतो मी," शेठजी म्हणाले. "अभिमन आणि मी बरोबरच म्हातारे झालो. काय बोलावं ते सुचत नाही. तू सांग."

दार उघडंच होतं. बाहेर मंदाबाई कोणाला तरी पावती देत होती.

सारिकानं दोन कागद टेबलावर ठेवले. "तपासणी खरी होती, शेठजी. हे बघा. जुलैलाच तिनं सांगितलं होतं की तेलात पाणी येतंय. सप्टेंबरची बाटली ४४७१ ची नव्हती, ६०२३ ची होती. लॅब चुकली नाही. बाटली चुकली."

अखिलनं कागद ओढून घेतले. तो हुशार होता. दोन मिनिटांत त्याच्या ध्यानात आलं. "बरोबर आहे. आकडे एकच आहेत." त्यानं वर पाहिलं. "म्हणजे तपासणी सुरू ठेवायला हवी होती."

"आजच सुरू करा. पहूरकडच्या गाडीपासून. मिस्तरींना विचारा, ती टकटक करतेय. बाटली मिस्तरींनी स्वतः भरायची, ड्रायव्हरनं नाही. आणि आधी त्यांना बोट लावू द्या."

"करतो. पण हे झालं कसं? कोणाकडून?" अखिलचा आवाज चढला. "नवलकडून? का हिलालकडून? नाव सांगा ताई. नानांचं नाव आत्ता मोकळं होतं."

बाहेरचा पावत्यांचा आवाज थांबला होता.

गेले दोन दिवस ती हे वाक्य घेऊन फिरत होती. ते तिच्या तोंडात तयार होतं, पुराव्यासकट. ते बोललं की उद्या मांडवात शेठजी उभे राहणार होते आणि अभिमन बोरसे निर्दोष होते असं म्हणणार होते. आईनं ते ऐकलं असतं. पाच महिने ओट्यावर खाली मान घालून बसलेला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला. मान खाली होती, पण ती शरमेनं होती असं आता तिला वाटेना.

"नानांकडून," सारिका म्हणाली.

"काय?"

"बाटल्यांवर नंबर नानाच लिहायचे. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. आणि रिपोर्ट आल्यावर आकडा उतरलेला त्यांना दिसला, तरी त्यांनी गाडी परत बोलावली नाही. तेवढं त्यांनी करायला हवं होतं." यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून तिचा आवाज स्थिर राहिला.

अखिलनं कागद पुन्हा उचलला. "पण पट्टीवर ड्रायव्हरची सही—"

"अखिल," शेठजी म्हणाले. एवढंच. त्यांनी सारिकाकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे, मग पुन्हा सारिकाकडे. "लिहून घे, बेटी म्हणते तसं. तपासणी बरोबर, नंबर घालताना चूक. आणि आजपासून बाटल्या उखर्डू भरेल."

अखिलनं लिहिलं. सारिकानं खाली सही केली, पूर्ण नावानं: सारिका अभिमन बोरसे. मधलं नाव लिहिताना पेन किंचित अडलं, मग चाललं.

ती बाहेर आली तेव्हा मंदाबाई काउंटरच्या अलीकडे येऊन उभी होती. डोळे लाल, पण कोरडे.

"पाच महिने," मंदाबाई म्हणाली, "जो तो म्हणायचा, नशीब, वेळ, घाट वाईट. 'माझ्या हातून चूक झाली' असं मला तोंडानं कोणी म्हटलं नाही. तुमचे नानासुद्धा काही बोलले नाहीत. मला तेवढंच ऐकायचं होतं कोणाकडून तरी."

सारिकानं मान हलवली. काही बोलायला गेली असती तर सगळंच बोलली असती.

"उद्या किती वाजता आहे?" मंदाबाईनं विचारलं.

"दहाला."

"येते मी. आईंना सांगा."